‘वान वान पॅनिक’ : क्यू-तारोबरोबरचा पहिला तास

डिसेंबर १९८५ मध्ये बांदाई या जपानी कंपनीने निंटेंडोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेम यंत्रासाठी ‘ओबाके नो क्यू-तारो : वान वान पॅनिक’ हा खेळ विक्रीस आणला. पुढच्याच वर्षी तो ‘चबी चेरब’ या नावाने अमेरिकेत गेला, आणि तिथे मूळ नायकाच्या जागी एक गुबगुबीत, पंखवाला देवदूत आला. चालत आणि उडत वस्तीतून पुढे सरकायचे, वाटेत मिळेल ते खायचे आणि कुत्र्यांपासून जीव वाचवायचा, असा हा खेळ आहे. वर्णन ऐकून तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रथमच हाती घेणारा माणूस बहुधा पाच मिनिटांत वैतागून कंट्रोलर खाली ठेवतो, कारण त्यातले नियम त्याला मनमानी वाटतात. उडता येते, पण थोडाच वेळ का? सारखे खायचे का? आणि सगळे सोडून कुत्रेच शत्रू का? ज्या जपानी चित्रकथेवर, म्हणजे मंगावर, हा खेळ बेतलेला आहे ती ठाऊक असलेल्याला यातला एकही प्रश्न पडत नाही. म्हणून नवशिक्याने यंत्राला हात लावण्याआधी नायकाला भेटावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : क्यू-तारोची ओळख

‘ओबाके नो क्यू-तारो’ ही चित्रकथा १९६४ मध्ये ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात सुरू झाली. तिचे कर्ते फुजिको फुजिओ, म्हणजे हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको हे शाळेपासूनचे दोन मित्र, जे अनेक वर्षे एकाच टोपणनावाने काम करत होते. ‘डोरेमॉन’, ‘निंजा हातोरी’ आणि ‘परमॅन’ याच नावाखाली जन्माला आले. दूरदर्शन संचावर ही कार्टून पाहत मोठी झालेली महाराष्ट्रातली पिढी क्यू-तारोला ओळखत नसली, तरी त्याच्या घराण्याला चांगलीच ओळखते. एका साध्या कुटुंबातला साधा मुलगा आणि त्याच्या घरी मुक्कामाला आलेला एक अजब पाहुणा, ही ‘डोरेमॉन’मधली मांडणी क्यू-तारोच्या कथेत त्याच्याही आधी आलेली आहे.

शोता ओहारा या मुलाला एक मोठे अंडे सापडते आणि त्यातून एक भूत बाहेर पडते. अंगभर पांढरे वस्त्र, जाड ओठ आणि डोक्यावर मोजून तीन केस, असे त्याचे रूप आहे. ‘ओबाके’ हा शब्द रूप पालटणे या अर्थाच्या जपानी क्रियापदावरून आला आहे. म्हणजे रूप पालटणे हा ओबाकेचा मूळ धर्मच. या बिचाऱ्याला मात्र बुटाखेरीज कशाचेही रूप घेता येत नाही. तो उडू शकतो, अदृश्य होऊ शकतो, पण घाबरवण्याच्या कामी त्याचा काहीही उपयोग नाही. तो ओहारा कुटुंबात राहतो, डोंगराएवढा भात खातो आणि कुत्रा दिसला की त्याची पाचावर धारण बसते.

एवढी माहिती घेऊन आता खेळाकडे पाहावे. नायक उडतो, कारण तो भूत आहे. त्याला सतत खावे लागते, कारण तो खादाड आहे. त्याचा शत्रू कुत्रा आहे, कारण त्याला जगात दुसऱ्या कशाचे एवढे भय नाही. ‘वान वान’ म्हणजे जपानी कानांना ऐकू येणारे ‘भो भो’, तेव्हा खेळाच्या नावाचा सरळ अर्थ ‘भो भो आणि तारांबळ’ असा होतो. खेळ बनवणाऱ्यांनी नायकाचा स्वभाव घेऊन त्याचेच नियम केले, आणि चार दशकांनंतरही मला या खेळाबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

चित्रकथा मिळाली तर दोन-चार प्रकरणे चित्रांवरून तरी चाळावीत. पाने उजवीकडून डावीकडे वाचत जायची आणि प्रत्येक पानावरच्या चौकटीही उजवीकडूनच पाहत जायच्या. जपानी येत नसले तरी कुत्रा दिसल्यावर क्यू-तारोच्या चेहऱ्याचे काय होते हे कळायला भाषा लागत नाही. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत. त्यांना सरावासाठीही हे लेखन चांगले आहे, कारण संवाद घरातले, रोजच्या बोलण्यातले आहेत.

दुसरी पायरी : जपानी की अमेरिकी?

माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिल्यांदा जपानी खेळच खेळावा. त्यात वाचून समजून घ्यावे असे फारसे काही नाही, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही, आणि पडद्यावर खुद्द क्यू-तारो दिसतो.

अमेरिकी रूपात काय हरवले ते माझ्या भाचीने एका वाक्यात सांगितले होते. ‘चबी चेरब’ तिच्यासमोर लावला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिने दोन-तीन वेळा त्या देवदूताला कुत्र्याच्या तावडीत गमावले, मग कंट्रोलर मांडीवर ठेवून विचारले, “मामा, देवदूत कुत्र्याला कशाला घाबरेल?” माझ्याकडे उत्तर होते, पण त्या खेळाकडे नव्हते. चोरांनी पळवलेल्या मित्रांना देवदूत सोडवायला निघतो, अशी एक गोष्ट अमेरिकी खेळाला जोडलेली आहे, परंतु कुत्र्यांच्या भीतीचा उलगडा त्या गोष्टीतून होत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला क्यू-तारोची चित्रे दाखवली. मग ती जपानी खेळ खेळायला बसली आणि कुत्रा दिसताच स्वतःहून मागे सरकली. नियम तोच होता, फक्त आता तो तिला माहीत असलेल्या एका व्यक्तीचा स्वभाव झाला होता.

जपानी कॅसेट ओळखणे सोपे आहे. नाव जपानी लिपीत असले तरी मधोमध रोमन ‘क्यू’ अक्षर असते, खाली शेपटी असलेले वर्तुळ, आणि चित्रात तीन केसांचे पांढरे भूत असते.

तिसरी पायरी : यंत्र, वीज आणि कॅसेट

या पायरीवर सावकाश चालावे, कारण इथली चूक खेळाला नाही, यंत्राला भोवते.

फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात आणि निंटेंडोच्याच अमेरिकी एनईएस यंत्राच्या कॅसेटला ७२, त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्यात थेट बसत नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जी यंत्रे आली, त्यांतली बरीचशी फॅमिकॉमचीच नक्कल होती आणि त्यांची खाच ६० पिनांची होती. तसे एखादे यंत्र माळ्यावर पडून असेल आणि चालू होत असेल, तर जपानी कॅसेट त्यात लावून पाहायला हरकत नाही. खेळाचा वेग आणि आवाजाची पट्टी मूळ यंत्राहून किंचित वेगळी वाटू शकते, कारण जपानी यंत्र सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते आणि आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीसाठी बनवलेली नक्कल ५० वेळा.

मूळ फॅमिकॉम आणायचा असेल, तर आधी विजेचा विचार करावा. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे आणि आपल्याकडे २३० व्होल्टची. जपानी अॅडॉप्टर आपल्या भिंतीवरच्या प्लगमध्ये थेट खुपसला तर तो जळणार. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत २३० व्होल्टचे १०० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो. अॅडॉप्टर त्यावर लावावा. आणखी एक गोष्ट दुकानदाराला मुद्दाम सांगावी लागते : फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागते आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, जो आपल्याकडच्या बहुतेक अॅडॉप्टरांत धन असतो. एनईएसचा अॅडॉप्टर तर एसी वीज देतो, तो फॅमिकॉमला कधीही लावू नये. पिन बसते म्हणून अॅडॉप्टर चालतो असे समजणे हीच इथली मोठी चूक आहे.

त्यानंतर प्रश्न येतो टीव्हीचा. लाल-पांढरा जुना फॅमिकॉम आपले चित्र अँटेनाच्या वाटेने, जपानी वाहिनी क्रमांक १ किंवा २ वर पाठवतो. ते चित्र आपल्याकडच्या टीव्हीवर नीट मिळणे कठीण असते. डिसेंबर १९९३ मध्ये निघालेल्या सुधारित फॅमिकॉममध्ये साधी एव्ही जोडणी, म्हणजे चित्र आणि आवाज तारेने थेट टीव्हीत नेण्याची सोय आहे; खरेदीच करायची असेल तर तेच यंत्र घ्यावे, मात्र आपला टीव्ही अमेरिका-जपानची एनटीएससी पद्धत स्वीकारतो ना हे आधी तपासावे. नव्या सपाट टीव्हीवर बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल होणे यांत सूक्ष्म विलंब येतो, आणि या खेळात तो विलंब जीवघेणा ठरतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करावा. शेजारच्या घरात जुना, पाठीला पोट असलेला टीव्ही अजून असेल, तर त्याहून चांगले काही नाही.

कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, ही आपल्या सगळ्यांच्या बालपणाची सवय आहे. ती सोडावी. फुंकरीबरोबर ओलावा जातो आणि धातूच्या पट्ट्यांवर गंज धरतो. फुंकर मारल्यावर कॅसेट चालायची ती बहुतेकदा पुन्हा काढून-घातल्यामुळे. कानाच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात, काडीवर काळा मळ येणे थांबेपर्यंत काड्या बदलत राहाव्यात, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट यंत्रात घालू नये. या कॅसेटच्या बाबतीत एक दिलासा असा, की १९८५ च्या या खेळात प्रगती साठवण्याची सोय नाही, म्हणजेच आत बॅटरी नाही, आणि म्हणून बॅटरी संपून कॅसेट निकामी होण्याची भीतीही नाही.

संगणकावर फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या प्रणाली वापरणारेही अनेक आहेत. प्रणाली वापरण्यात गैर काही नाही. खेळाची प्रत मात्र इंटरनेटवरून फुकट उतरवणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे. जुन्या खेळांच्या बाजारात मूळ कॅसेट अजूनही फिरते, ती घ्यावी.

चौथी पायरी : पहिली दहा मिनिटे, पुढे न जाता

आता कंट्रोलर हातात घ्यावा आणि पहिल्या दहा मिनिटांत काहीही जिंकायचे नाही असे ठरवावे. एका बटणाने उडणे आणि दुसऱ्याने हल्ला, एवढाच कारभार आहे. कुत्रा जवळ नसताना दोन्ही बटणे दाबून पाहावीत, जमिनीवरून वर उठावे, पुन्हा उतरावे, एखाद्या उंचवट्यावर जाऊन थांबावे. उडताना क्यू-तारो कसा सरकतो आणि उतरायला त्याला किती जागा लागते, याचा अंदाज अंगठ्यात मुरला पाहिजे.

मग पहिला कुत्रा दिसेल तिथे थांबावे. या खेळातला कुत्रा नुसता चावत नाही. त्याचे भुंकणेच बाणासारखे सुटते आणि पुढे सरकत येते. कुत्र्याचा किंवा त्या भुंकण्याचा स्पर्श झाला की एक लाइफ गेली. म्हणून सुरक्षित अंतरावरून एकाच कुत्र्याकडे निदान मिनिटभर पाहत राहावे. भुंकणे कुठून निघते, कोणत्या रेषेने जाते, आणि एकदा भुंकून झाल्यावर किती उसंत मिळते, या तीन गोष्टी डोळ्यांनी टिपाव्यात. ती उसंत सापडली की कुत्र्यावरून पार होणे हे घाईचे काम राहत नाही. रस्ता ओलांडणारा माणूस जसा एक गाडी जाऊ देऊन पुढचे पाऊल टाकतो, तसे एक भुंकणे जाऊ द्यावे आणि मग निघावे.

यात दोन-तीन लाइफ जातील. त्या जाऊ द्याव्यात.

पाचवी पायरी : पोट आणि पंख

क्यू-तारोची ताकद त्याच्या पोटात आहे, हे या खेळाचे मर्म. उडण्याने ताकदीचा साठा कमी होतो, वाटेतले खाद्यपदार्थ खाल्ले की तो भरतो, आणि साठा संपला की उडणे बंद होऊन पायी चालावे लागते. पायी चालणे म्हणजे कुत्र्यांच्या पातळीवर उतरणे. नवशिक्याचा नाश बहुतेक वेळा इथेच होतो : वर सुरक्षित वाटते म्हणून तो उडतच राहतो, साठा रिकामा होतो, आणि मग नेमका कुत्र्याच्या पुढ्यात तो खाली येतो.

यावर उपाय असा, की उडण्याकडे प्रवास म्हणून न पाहता उडी म्हणून पाहावे. एका सुरक्षित जागेवरून दुसऱ्या सुरक्षित जागेवर जाण्यापुरतेच उडावे आणि उतरावे. निघण्याआधी तीन प्रश्न मनात विचारावेत : कुठे उतरणार, वाटेत काय खायला मिळणार, आणि उतरण्याच्या जागेजवळ कुत्रा आहे का? तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय जमीन सोडू नये. सुरुवातीला हे फार संथ वाटते, पण तासाभरात हे प्रश्न विचारावे लागत नाहीत, नजर आपोआप फिरते.

खाद्यपदार्थ दिसला की झडप घालण्याचा मोहही आवरावा लागतो. साठा जवळजवळ भरलेला असताना समोरचे खाणे संपवून टाकले, तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा ते तिथे नसते. कुत्र्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक पदार्थ असेल, तर अलीकडचा खाऊन पोट भरावे, कुत्र्यावरून उडावे, आणि उडण्यात खर्च झालेले पलीकडच्या पदार्थाने भरून काढावे. असा हिशेब जमू लागला की खेळाची लय सापडली असे समजावे. चित्रकथेतला क्यू-तारो ज्या आतुरतेने भाताच्या वाडग्याकडे बघतो, त्याच आतुरतेने आता खेळणारा पडद्याच्या उजव्या कडेकडे बघू लागतो.

सहावी पायरी : ‘गाऊ’ कधी वापरावे

कुत्र्यांना हटवण्यासाठी खेळात ‘गाऊ’ नावाचे एक हत्यार मिळते. ते मोजकेच असते, वापरले की संपते. नवा खेळणारा ते हाती येताच समोरच्या पहिल्या कुत्र्यावर उधळतो, तसे करू नये. ज्या कुत्र्यावरून उडून जाता येते, त्याच्यावर हत्यार खर्च करणे म्हणजे ऐन पावसाळ्याआधी छत्री विकणे. उतरायला दुसरी जागाच नाही आणि तिथेच कुत्रा बसलेला आहे, किंवा साठा संपत आला आहे आणि पायीच जावे लागणार आहे, अशा दोनच प्रसंगांसाठी ते राखून ठेवावे. क्यू-तारो हा लढवय्या नाही. त्याच्याप्रमाणे खेळणारा, म्हणजे कुत्र्याला खरोखर घाबरून लांबून वळसा घेणारा, शूरपणे चालून जाणाऱ्यापेक्षा नेहमी पुढे जातो.

सातवी पायरी : किती वेळ बसावे

प्रगती साठवता येत नसल्यामुळे प्रत्येक बैठक सुरुवातीपासूनच सुरू होते. सलग दोन तास बसण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांच्या बैठका रोज केल्या तर हात लवकर तयार होतो, कारण या खेळात थकलेला अंगठा पहिली चूक उतरताना करतो. प्रत्येक बैठकीनंतर आपण कुठे आणि कशाने गेलो, भुंकण्याने की रिकाम्या पोटाने, एवढे वहीत लिहून ठेवावे. माझ्या जुन्या वहीत पहिल्या आठवड्याच्या नोंदींमध्ये ‘रिकामे पोट’ हाच शब्द पुन्हा पुन्हा आहे. दुसऱ्या आठवड्यात त्याची जागा ‘भुंकणे’ने घेतली, आणि ती प्रगतीच होती, कारण उपाशी पडणे थांबले होते. घरात दोघे खेळणारे असतील तर एकाने खेळावे आणि दुसऱ्याने उजव्या कडेवर लक्ष ठेवून “कुत्रा, खाली!” असे वेळेवर सांगावे, मामा-भाचीच्या जोडीला ही पद्धत चांगली मानवते.

क्यू-तारो हाताखाली आल्यावर पुढचा खेळ म्हणून हडसन कंपनीचा १९८६ चा ‘निंजा हातोरी-कुन’ घ्यावा. तोही फॅमिकॉमचाच, त्याच टोपणनावाने निघालेल्या चित्रकथेवरचा, आणि यातली माणसे मराठी घरांत आधीच ओळखीची आहेत. तिथे टप्पा पार केल्यावर तोरी, म्हणजे जपानी देवळापुढच्या कमानीवर उभे राहून हातोरीचे वडील ‘चिकुवा’ नावाच्या माशाच्या नळ्या खाली फेकतात, आणि मधूनच लोखंडी डंबेल. चिकुवा तेवढ्या झेलायच्या, डंबेल चुकवायचे. चिकुवा म्हणजे शिशिमारूचा जीव की प्राण, आणि शिशिमारू हा हातोरीचा कुत्रा आहे. क्यू-तारोबरोबर एवढे दिवस घालवल्यानंतर त्याच्याकडे न घाबरता बघायला अंगठ्याला जरा वेळ लागतो.